औषध म्हणता, तर औषधासारखं वागवा

दादरला शिवाजी पार्कवर सकाळच्या फेऱ्या मारून माणसं बाहेर पडतात तेव्हा कारल्याचा, आवळ्याचा, गव्हांकुराचा रस तयार असतो. थोडं पुढे एखाद्या मेडिकलमध्ये शिरलं की काउंटरवर ‘लिव्हर केअर’, ‘लिव्हर डिटॉक्स’ अशा डब्या ओळीनं मांडलेल्या दिसतात आणि त्यांवर एक शब्द हमखास ठळक असतो: अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडीकरणानं पेशींना होणारी इजा रोखणारं द्रव्य. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ लिहून आलेला चाळिशीचा माणूस ही डबी हातात घेतो, मागची बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न करतो आणि विकत घेतो. डॉक्टरांनी त्याला वजन उतरवायला सांगितलेलं असतं. डबी त्याहून सोपं काहीतरी सांगते. या माणसाला शासन, डॉक्टर, वैद्य आणि उत्पादक मिळून नेमकं काय सांगत आहेत, हा मला या शहराच्या सार्वजनिक आरोग्याचा गंभीर प्रश्न वाटतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. वनस्पतींमधली काही रसायनं यकृतावर खरोखर काम करतात. काम करतात म्हणूनच ती औषधं आहेत. मग मात्रा, माणसांवरची चाचणी, कुणी घेऊ नये याची सूचना आणि अपाय झाला तर त्याची नोंद, हे औषधाला लागणारं सगळं त्यांनाही लागू झालं पाहिजे. ‘झाडपाल्याचं आहे, साइड इफेक्ट नाही’ असं म्हणणारा माणूस नकळत त्या वनस्पतीचाच अपमान करतो. ज्याचा काहीच दुष्परिणाम संभवत नाही, त्याचा परिणाम तरी कुठून होणार?

अँटिऑक्सिडंट ही कल्पना मुळात खोटी नाही. आपण जे गिळतो ते आतड्यातून शोषलं गेलं की पोर्टल शिरेवाटे आधी यकृतात जातं. तिथली सायटोक्रोम पी-४५० गटाची एन्झाइम त्याची मोडतोड करतात आणि या मोडतोडीत कधीकधी मूळ पदार्थाहून घातक रेणू तयार होतात. पॅरासिटामॉलचं उदाहरण घरोघरचं आहे. नेहमीच्या मात्रेत त्याचा थोडाच भाग विषारी रेणूत बदलतो आणि यकृतातलं ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य त्याला लगेच निकामी करतं. गोळ्या फार जास्त झाल्या की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि पेशी मरू लागतात. अशा रुग्णाला रुग्णालयात एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन देतात. ते शरीराला ग्लुटाथायोन पुन्हा बनवायला कच्चा माल पुरवतं. पहिल्या आठ तासांत दिलं तर यकृत बहुतेक वेळा वाचतं. म्हणजे ऑक्सिडीकरणाच्या हल्ल्यापासून यकृताचं रक्षण करता येतं, ही सिद्ध झालेली गोष्ट आहे. पण तिथे विष कोणतं, ते कुठे तयार होतं, उतारा किती आणि किती वाजेपर्यंत द्यायचा, हे सगळं ठाऊक असतं. डबीवरच्या दाव्यात यातलं काहीच नसतं.

मग दावा येतो कुठून? बहुतेक वेळा उंदरांवरच्या प्रयोगातून. मी जीवरसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे असे प्रबंध माझ्यासमोर नेहमी येतात. पद्धत ठरलेली आहे. उंदरांना काही दिवस वनस्पतीचा अर्क पाजायचा, मग कार्बन टेट्राक्लोराइड टोचायचं, मग रक्तातलं एसजीओटी-एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम) मोजायचं. अर्क मिळालेल्या उंदरांचे आकडे कमी आले की ‘यकृतरक्षक गुणधर्म सिद्ध’ असा निष्कर्ष. हळद, भुईआवळी, पुनर्नवा, कुटकी, शेवगा, आवळा, कढीपत्ता... कशाकशावर हे झालेलं नाही! विद्यार्थ्यांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे, पण या प्रयोगाच्या मर्यादा आपण त्यांना पुरेशा सांगत नाही. एक तर इथे औषध आधी आणि विष नंतर दिलेलं असतं. आपल्या ओपीडीत येणाऱ्या माणसाचं यकृत आधीच सुजलेलं असतं. दुसरं म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड स्वतः फारसं घातक नसतं. यकृतातलं एन्झाइम त्याचा फ्री रॅडिकल, म्हणजे पेशींवर तुटून पडणारा अस्थिर रेणू, बनवतं तेव्हा ते घातक होतं. एखादा अर्क त्या एन्झाइमलाच अडवत असेल, तरी आकडे सुधारतात. त्याचा अँटिऑक्सिडंट असण्याशी संबंध असेलच असं नाही, आणि मद्यपानानं, चरबीनं किंवा विषाणूनं बिघडलेल्या यकृताशी तर मुळीच असेल असं नाही. तिसरा मुद्दा मात्रेचा. उंदराला किलोमागे २०० मिलिग्रॅम अर्क दिला असेल, तर शरीराच्या पृष्ठफळाच्या हिशेबानं साठ किलोच्या माणसाला रोज जवळजवळ दोन ग्रॅम लागेल. अडीचशे मिलिग्रॅमची कॅप्सूल असेल तर आठ. इतक्या मात्रेत ते सुरक्षित आहे का, हे कुणी तपासलेलं नसतं.

माणसांवर तपासलं तेव्हा काय झालं, याचा इतिहास बोलका आहे. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी भुईआवळीवरचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. हिपॅटायटिस बी विषाणूचा शोध लावून नोबेल मिळवणारे ब्लुमबर्ग त्यात सहभागी होते. तीस दिवस भुईआवळी घेतलेल्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. औषध नसलेली नुसती पुडी मिळालेल्या २३ जणांत फक्त एकाची झाली. ५९ टक्के आणि ४ टक्के! हा आकडा वाचून कुणाचंही मन उसळेल. पण पुढे इतर ठिकाणी केलेल्या चाचण्यांमध्ये तसा परिणाम मिळाला नाही. अशा सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०११ च्या कोक्रेन समीक्षेलाही ठाम पुरावा सापडला नाही. वनस्पतीची जात वेगळी होती, माती वेगळी होती, अर्क काढायची रीत वेगळी होती, अशी कारणं सांगितली गेली. ती खरीही असू शकतात. मग त्या दिशेनं काम पुढे जायला हवं होतं. इथे मात्र १९८८ चा पहिला आकडा जाहिरातींनी उचलला आणि नंतरचा इतिहास वगळला.

युरोपात सगळ्यात मान असलेलं यकृतरक्षक द्रव्य म्हणजे मिल्क थिसल या काटेरी झुडपाच्या बियांमधलं सिलिमरिन. आपल्याकडच्याही अनेक डब्यांत तेच असतं. हिपॅटायटिस सीच्या ज्या रुग्णांवर इंटरफेरॉन हे विषाणूविरोधी औषध चाललं नव्हतं, अशा १५४ जणांवर अमेरिकेत त्याची काटेकोर चाचणी झाली. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त मात्रा, २४ आठवडे. २०१२ मध्ये निकाल आला: एसजीपीटी उतरवण्यात सिलिमरिन आणि औषध नसलेली पोकळ गोळी यांत फरक नाही. त्याच वनस्पतीतलं सिलिबिनिन विषारी अमानिटा अळंबी खाल्लेल्या रुग्णांना युरोपातली रुग्णालयं शिरेतून देतात, आणि त्यामागे ठोस तर्क आहे. ते अळंबीच्या विषाला यकृतपेशीत शिरायचं दार बंद करतं. हे काम अँटिऑक्सिडंटचं नव्हे. एका झाडाचं एक द्रव्य, एका विशिष्ट विषावर, एका विशिष्ट मार्गानं. खरं औषध असं नेमकं असतं.

चाचणी घेतली की अँटिऑक्सिडंट हरतंच, असा अर्थ यातून काढू नये. जीवनसत्त्व ई हेही अँटिऑक्सिडंटच. मधुमेह नसलेल्या, पण चरबीमुळे यकृताला सूज आलेल्या रुग्णांना ते ९६ आठवडे रोज ८०० युनिट देऊन पाहिलं. २०१० च्या त्या अभ्यासात ४३ टक्के रुग्णांच्या यकृताच्या तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यात सुधारणा दिसली, पोकळ गोळीवाल्यांत १९ टक्के. उलट बीटा-कॅरोटीनची गोष्ट पाहा. गाजरातलं हे निरुपद्रवी वाटणारं द्रव्य फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत निम्म्यांना दिलं, फुप्फुसाचा कर्करोग टळावा म्हणून. १९९४ मध्ये कळलं की तो टळण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढला. दोन्ही अँटिऑक्सिडंट. एक काही रुग्णांना उपयोगी, दुसरं घातक. कोणतं कसं निघेल हे परीक्षानळीत कळलं नव्हतं, माणसांमध्ये कळलं. अमेरिकेच्या कृषी खात्यानं खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची आपली प्रसिद्ध यादी २०१२ मध्ये काढून टाकली, कारण त्या आकड्यांचा आरोग्याशी संबंध दाखवता येत नव्हता आणि कंपन्या त्यांचा गैरवापर करत होत्या. आपल्या डब्यांवर ती भाषा अजून चालू आहे.

मुंबईला या विषयात बाहेरून शिकायची गरज नाही, हे मला विशेष सांगायचं आहे. १९४९ साली याच शहरातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम रुग्णांच्या नोंदींसह ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि भारतीय वनस्पती जगभरच्या औषधशास्त्रात गेली. पुढे तिच्यातल्या रेसरपिनमुळे काहींना नैराश्य येतं हेही नोंदलं गेलं. त्यातून मेंदूच्या रसायनशास्त्राला नवी दिशा मिळाली. गुण आणि दोष दोन्ही लिहून ठेवल्यानं सर्पगंधा लहान झाली नाही.

गुळवेलीचा इतिहास तर आपल्या डोळ्यांसमोरचा. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर वर्षानुवर्षं काम केलं. पित्तनलिका अडल्यानं कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी जंतुसंसर्ग होतो आणि त्यात अनेक दगावतात. १९९३ साली छापलेल्या त्यांच्या छोट्या अभ्यासात, ३० रुग्णांपैकी ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर गुळवेल दिली, त्यांच्यात रक्तात जंतू पसरण्याचं प्रमाण खूप कमी होतं आणि वाचलेल्यांचं प्रमाण दुपटीहून जास्त. हा परिणाम रोगप्रतिकारशक्ती चेतवल्यामुळे होतो, असं त्यांचं प्रतिपादन होतं.

२०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत, करोनाच्या भीतीनं घरोघर गुळवेलीचा काढा उकळत असताना, मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांकडे सहा रुग्ण आले. यकृताला सूज, आणि तिची लक्षणं शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखी. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. हा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला की रुग्णांनी घेतलेली वेल गुळवेलच होती हे तपासलेलं नाही, तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते.

हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. वनस्पतीची ओळख पटवल्याशिवाय दोष देऊ नये, हे बरोबरच. पण तो खरा मानला तर मुंबईकरांना गुळवेल म्हणून भलतीच वेल विकली जाते आहे, असं म्हणावं लागतं. मग ते रोखायचं काम कुणाचं? आणि वेल खरी असेल, तर केईएमचा जुना अभ्यास आणि हे नवे रुग्ण यांत विरोध कुठे आहे? प्रतिकारशक्ती चेतवणारं औषध संसर्गाच्या धोक्यात असलेल्या रुग्णाला तारू शकतं, आणि तेच औषध प्रतिकारशक्ती आधीच बिथरलेल्या माणसाला मारक ठरू शकतं. थायरॉइडचा किंवा मधुमेहाचा स्वप्रतिकारक आजार असलेल्या बाईनं गुळवेल घ्यावी का, हा प्रश्न केईएमच्या संशोधनातूनच उभा राहायला हवा होता. आपण तो रुग्णांच्या यकृतातून उभा राहू दिला.

हळदीचंही तसंच. वरणातली, भाजीतली, दुधातली हळद कुणाचं यकृत बिघडवत नाही. पण तिच्यातलं कर्क्युमिन शरीरात फारच थोडं शोषलं जातं आणि यकृत ते चटकन बाहेर काढतं. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं की मिऱ्यातलं पिपरिन सोबत दिलं तर माणसाच्या रक्तातलं कर्क्युमिन वीस पटींनी वाढतं. तेव्हापासून कॅप्सूलमध्ये दोन्ही एकत्र घालतात आणि डब्यांवर ते अभिमानानं छापतात. पिपरिन हे करतं कसं? यकृत ज्या प्रक्रियेनं परकी द्रव्यं बाहेर टाकतं, तीच मंदावून. अमेरिकेत आणि इटलीत हळदीच्या कॅप्सूल घेणाऱ्यांमध्ये यकृताच्या सुजेच्या नोंदी झाल्या. अमेरिकेतल्या रुग्णांमध्ये एक विशिष्ट जनुकीय प्रकारही वारंवार आढळला, आणि तोच ग्रीन टीच्या अर्कानं यकृत बिघडलेल्यांमध्येही दिसला होता. ग्रीन टीबाबत युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्येच सांगितलं की गोळ्यांमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी (ग्रीन टीमधलं मुख्य अँटिऑक्सिडंट) पोटात गेलं तर यकृताची एन्झाइम वाढू शकतात. चहाचा कप आणि चहाचा अर्क या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे खरेदी करणाऱ्याला काउंटरवरच कळायला हवं.

काविळीबाबत आपला समाज जास्तच हळवा आहे. गळ्यात घालायची माळ, चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळं पाणी दाखवणं, नाकात कडू थेंब, मग उसाचा रस. हिपॅटायटिस ए काही आठवड्यांत बहुतेकांमध्ये आपोआप बरा होतो, त्यामुळे त्या काळात जे केलं त्याला श्रेय मिळतं. पण मुंबईत पावसाळ्यात पिवळे झालेले डोळे लेप्टोस्पायरोसिसचे असू शकतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाठोपाठ लेप्टोची साथ आली, हे आपण पाहिलं आहे. वेळेत दिलेल्या साध्या प्रतिजैविकानं हा आजार आटोक्यात येतो, चार दिवस काढ्यात गेले तर मूत्रपिंड जाऊ शकतं. गरोदर बाईला शेवटच्या तिमाहीत हिपॅटायटिस ई झाला तर मृत्यूचा धोका शंभरात वीस-पंचविसांपर्यंत जातो. अशा वेळी ‘आधी झाडपाला करून बघू’ म्हणणाऱ्या नातेवाइकावर मी रागावू शकत नाही. त्याला कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

कायद्यात तर एकाच कामाचे तीन दरवाजे आहेत. आधुनिक औषधाला बाजारात यायला माणसांवरच्या टप्प्याटप्प्यानं घेतलेल्या चाचण्या लागतात. आयुर्वेदिक पेटंट औषधाला, म्हणजे कंपनीनं स्वतः जुळवलेल्या मिश्रणाला, तशा लागत नाहीत. आणि तेच द्रव्य अन्नपूरक म्हणून विकायचं ठरवलं तर ते अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या अखत्यारीत जातं. अपायाच्या नोंदीचंही तेच. आधुनिक औषधांची व्यवस्था गाझियाबादहून चालते, आयुष औषधांची दिल्लीहून. पण रुग्ण सकाळी मधुमेहाची गोळी, दुपारी चूर्ण आणि रात्री कॅप्सूल घेतो. त्याच्या यकृताचे असे तीन विभाग नसतात. जाहिरातींसाठी २०१८ मध्ये औषध नियमांत १७० क्रमांकाचा नियम आला, आयुष औषधाची जाहिरात आधी राज्याच्या अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्यावी असा. २०२४ मध्ये केंद्रानं तो काढला आणि त्यावरून सर्वोच्च न्यायालयात वाद झाला. माझ्या मते तो नियम कडक करून हवा होता.

मग काय करता येईल? माझी पहिली मागणी अगदी छोटी आहे. महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यातल्या केसपेपरवर एक ओळ छापा: काढा, चूर्ण, भस्म, रस, कॅप्सूल, सध्या काय घेता? रुग्ण स्वतःहून सांगत नाहीत, कारण डॉक्टर ओरडतील अशी भीती असते, आणि ती निराधार नाही. पुष्कळ डॉक्टर ओरडतातच. त्यामुळे ही ओळ रागावण्यासाठी नाही, नोंदीसाठी आहे, हे शिकाऊ डॉक्टरांना पहिल्या दिवशी सांगायला हवं. वर्षभरात केईएम, नायर, सायन आणि कूपर मिळून जी माहिती जमेल, ती देशात कुठेही नसेल.

दुसरी मागणी वांद्रे-कुर्ला संकुलात बसणाऱ्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे. यकृताचं नाव घेऊन विकल्या जाणाऱ्या प्रत्येक उत्पादनाचे नमुने बाजारातून उचला, त्यात खरोखर कोणती वनस्पती आणि किती द्रव्य आहे ते तपासा आणि निकाल मराठीत जाहीर करा. माणसांवरचा पुरावा नसेल तर ‘यकृतरक्षक’ हा शब्द डबीवरून उतरवा. पुरावा असेल तर तो कोणत्या आजारासाठी, किती मात्रेत आणि किती दिवसांसाठी आहे हे छापा.

वैद्यमित्रांचा आक्षेप मला माहीत आहे. आयुर्वेद व्यक्तीची प्रकृती पाहून औषध देतो, त्याला एकाच साच्याच्या चाचणीत बसवता येत नाही. पण डबी कुठे प्रकृती पाहते? मात्रा, अनुपान, ऋतू, रुग्णाचं वय आणि बळ यांचा विचार करणाऱ्या परंपरेचं नाव घेऊन सर्वांना एकच कॅप्सूल विकली जाते, याचा पहिला निषेध वैद्यांनीच करायला हवा. आणि प्रकृतीनुसार उपचारांची तुलनाही करता येते. एका गटावर वैद्यानं हव्या तशा पद्धतीनं उपचार करावेत, दुसऱ्याला नेहमीचा सल्ला मिळावा, आणि वर्षानंतर यकृताचा कडकपणा फायब्रोस्कॅनवर मोजावा.

दुसरा आक्षेप पैशाचा. ज्या वनस्पतीवर पेटंट मिळणार नाही, तिच्यावर कंपनी कोट्यवधी का खर्च करेल? करणार नाही, हे खरं आहे. म्हणूनच हे काम सार्वजनिक पैशातून व्हायला हवं, आणि त्यासाठी मुंबईइतकी सोय कुठे नाही. केईएममध्ये आयुर्वेद संशोधनाची परंपरा आहे, शहरात आयुर्वेद महाविद्यालयं आणि यकृततज्ज्ञ आहेत, आणि फॅटी लिव्हरचे रुग्ण तर रोज ओपीडीत रांग लावतात. २०२१ मध्ये केंद्रानं फॅटी लिव्हर असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं, त्यामुळे तपासणीची चौकटही तयार आहे. या रुग्णांना वजन सात ते दहा टक्के उतरवण्याचा आणि दारू सोडण्याचा सल्ला सगळ्यांनाच द्यावा, कारण त्याचा पुरावा आज हातात आहे, आणि त्यांच्यातल्या तयार असलेल्यांना कुटकी, भुईआवळी किंवा पुनर्नवा यांच्या ओळख पटवलेल्या, प्रमाणित अर्काच्या चाचणीत सामील करून घ्यावं. सुरुवात एका वनस्पतीपासून, एका आजारापासून, महापालिकेच्या पुढच्या अर्थसंकल्पात या कामासाठी वेगळी तरतूद करून झाली, तरी पुरे आहे.